दोन वर्षांची पाठ्यवृत्ती, हाती पावसाळा एकच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्यांत वन्यजीव संशोधनावर एखादा तरी लेख येतो. पदवी कशात घ्यावी, एम.एस्सी. कुठे करावी, नेट कधी द्यावी, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बेंगळुरूच्या एनसीबीएस या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रामध्ये प्रवेश कसा मिळतो, हे सगळे त्यात असते आणि लेख पीएच.डी.पाशी येऊन थांबतो. खरी कोंडी तिथून पुढे सुरू होते. पीएच.डी. झालेला अभ्यासक पुढची चार-सहा वर्षे ज्या टप्प्यात काढतो, त्याला सगळेच पोस्टडॉक म्हणतात. त्याबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही. वन्यजीव आणि हवामान बदल या दोहोंच्या सांध्यावर काम करू पाहणाऱ्यांची अडचण तर आणखी वेगळी आहे, आणि ती सोडवायला पुण्याइतकी सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल. म्हणून पत्र लांबले तरी छापावे, ही विनंती.

पोस्टडॉक म्हणजे ठरावीक मुदतीचे संशोधन. त्याच्या वाटा दोन. पहिली, एखाद्या शास्त्रज्ञाच्या मंजूर प्रकल्पावर रिसर्च असोसिएट म्हणून रुजू व्हायचे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार याचे मानधन श्रेणीप्रमाणे महिना ५८, ६१ किंवा ६७ हजार रुपये, आणि वर घरभाडे भत्ता. दुसरी वाट स्वतःच्या नावावर पाठ्यवृत्ती मिळवण्याची. त्यातली सर्वांच्या ओळखीची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप पूर्वी सर्बकडे (केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे) होती, २०२३ च्या कायद्यानंतर ती अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आली. मुदत २ वर्षे, वयोमर्यादा ३५. महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. पहिल्या वाटेत प्रश्न दुसऱ्याचा असतो, पण गाडी, प्राण्यांचे आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे आणि परवानगी बहुधा तयार असतात. दुसऱ्या वाटेत प्रश्न आपला, आणि बाकी सगळे आपणच उभे करायचे.

जाहिरात पाहिली की उमेदवार आधी मानधनाचा आकडा वाचतो. त्याच्याही आधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रकल्पाची नेमकी किती मुदत उरली आहे? वनखात्याची परवानगी कोणाच्या नावावर आहे आणि ती कधी संपते? गोळा झालेल्या नोंदींवर शोधनिबंध लिहिण्याचा हक्क कोणाचा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुजू होण्याआधी लेखी घ्यावे. पुढचे बरेच कटू प्रसंग त्या एका कागदाने टळतात.

आता वयाचे गणित पाहा. तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. होते. वन्यजीवांच्या क्षेत्रात पीएच.डी.ला प्रवेश मिळण्यापूर्वी एक-दोन वर्षे प्रकल्प सहायक म्हणून जातात, कारण जंगलात काम केल्याचा अनुभव नसेल तर कोणी उभे करत नाही. पुढे पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे. म्हणजे पदवी हातात येते तेव्हा तिशी आलेली असते. केंद्राची इन्स्पायर फॅकल्टी ही खरोखर पाय रोवू देणारी योजना आहे: ५ वर्षांची मुदत, महिना सव्वा लाख मानधन, संशोधनासाठी वर्षाला ७ लाख. पण तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आहे, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३५. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवणाऱ्याला एका महिन्यात शेकडो पिढ्या पाहता येतात. लांडग्याची मादी वर्षातून एकदाच विते, आणि तिच्या अभ्यासकालाही तेवढेच थांबावे लागते. दोघांना एकच वयोमर्यादा लावणे अन्यायाचे आहे. ती पीएच.डी.च्या तारखेपासून मोजावी. जर्मनीची हुम्बोल्ट पाठ्यवृत्ती तशीच मोजते: पदवीपासून ४ वर्षांच्या आत अर्ज करायचा, वय विचारत नाहीत.

मुख्य दुखणे मात्र मुदतीचे आहे. २४ महिने कागदावर पुरेसे वाटतात. समजा एखादी संशोधक १ ऑगस्टला पुण्यात रुजू झाली आणि तिला सुपे, सासवड, इंदापूरकडच्या गवताळ माळांवर काम करायचे आहे. ऑगस्टच्या अखेरीस परवानगीचा अर्ज वनखात्याच्या नागपूरच्या मुख्यालयात जातो. तिथून तो उपवनसंरक्षकांच्या अभिप्रायासाठी खाली येतो, त्रुटी निघाल्या की परत फिरतो, पुन्हा वर जातो. परवानगी हातात पडेपर्यंत जानेवारी उजाडतो. उपकरणांची खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करायची, म्हणजे निविदा, तांत्रिक छाननी, पुरवठा यांत आणखी दोन-तीन महिने. तोवर मार्चअखेर येते, न खर्चलेला पैसा परत जातो, आणि विनियोगाचे प्रमाणपत्र पोहोचून पुढचा हप्ता यायला जून-जुलै होतो. पहिला पावसाळा अर्जाच्या पाठपुराव्यात गेला. दुसरा मिळाला. तिसरा ऐन रंगात असताना ३१ जुलैला मुदत संपली. दोन वर्षांत पूर्ण पाहिलेला पावसाळा एकच.

हवामानाचा परिणाम एका पावसाळ्यावरून सांगता येत नाही, हे शाळकरी मुलालाही पटेल. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेले. ज्याने फक्त २०१८ पाहिले त्याचा निष्कर्ष एक, ज्याने २०१९ पाहिले त्याचा नेमका उलटा, आणि दोन्ही पाहिलेल्यालाही दोन बिंदूंमधून रेषा ओढण्यापलीकडे काही करता येत नाही. किमान तीन पावसाळे हवेत.

मुदत वाढेपर्यंत उमेदवाराच्या हातात एक उपाय आहे. परवानगीचा अर्ज स्वतः रुजू होण्याची वाट न पाहता यजमान शास्त्रज्ञाच्या नावाने आधीच करावा, आणि रुजू होण्याची तारीख १ एप्रिलच्या आसपास मागून घ्यावी. निवडीच्या पत्रात रुजू होण्यासाठी बहुधा काही महिन्यांची सवलत असते, ती इथे वापरावी. एप्रिलला सुरुवात, परवानगी तयार, म्हणजे २४ महिन्यांत दोन पावसाळे पुरे पदरात पडतात.

परवानगीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक वेळ तिथे वाया जातो आणि त्यात दोष नेहमी खात्याचाच असतो असे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात संशोधनासाठी शिरायला कलम २८, राष्ट्रीय उद्यानात कलम ३५, आणि प्राणी पकडायचा किंवा हाताळायचा असेल तर कलम १२ लागते. प्राणी पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतला असेल तर फाइल केंद्रीय मंत्रालयापर्यंत जाते. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार झाल्या, त्यामुळे जुन्या प्रबंधातला तक्ता उतरवून दिला की पहिलीच त्रुटी निघते.

अर्जात प्रश्न एका परिच्छेदात मांडावा, तोही मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत. नकाशावर वनखात्याच्या विभागणीप्रमाणे परिक्षेत्र, परिमंडळ, नियतक्षेत्र आणि कक्ष क्रमांक दाखवावेत. किती कॅमेरे, किती दिवस, कोणते महिने, रात्रीचा मुक्काम आहे की नाही, गाडीचा क्रमांक, प्रत्येक सहायकाचे नाव आणि ओळखपत्र, हे सगळे जोडावे. अडते ते असे: क्षेत्र म्हणून ‘पुणे जिल्हा’ लिहिले की पुणे, जुन्नर आणि वन्यजीव अशा वेगवेगळ्या विभागांचे अभिप्राय लागतात, आणि एक उशिरा आला की सगळे थांबते. सहायक बदलला आणि नाव यादीत नसले की वनरक्षक नाक्यावर अडवतो, आणि त्याचे बरोबरच असते. विष्ठेचे नमुने घ्यायचे असतील तर ते कोणत्या प्रयोगशाळेत जाणार हे आधीच लिहावे. देशाबाहेर पाठवायचे तर जैविक विविधता अधिनियम २००२ खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता वेगळी काढावी लागते आणि तिला वेळ लागतो. ड्रोन हवाच असेल तर त्याचा अर्ज निराळा ठेवावा, मुख्य अर्जात घालू नये.

आणि जमीन वनखात्याची नसली तर? सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे. लांडग्यांच्या एका कळपाचा वावर त्याच्या कित्येक पट असतो: गायराने, पडीक राने, ज्वारीची शेते, मेंढ्यांचे वाडे. तिथे ग्रामपंचायतीचा ठराव आणि शेतमालकाचा होकार लागतो. सरपंचांना आणि मेंढपाळांना आधी भेटून, कॅमेऱ्यात माणसांचे फोटो आले तर ते पुसले जातील हे सांगून, मग खांब रोवावा. हे टाळले की पहिल्याच आठवड्यात कॅमेरे नाहीसे होतात. मग चोरी झाली म्हणून आपण चिडतो, पण विचारायला आपण विसरलेलो असतो.

कॅमेऱ्यांचेही गणित मांडून पाहावे. सर्बच्या काळात राष्ट्रीय फेलोशिपमध्ये संशोधन खर्चासाठी वर्षाला २ लाख रुपये मिळत. चांगला कॅमेरा २० हजारांच्या घरात धरला तर १० कॅमेऱ्यांत ते संपतात. किंवा दिवसाला ३ हजारांची भाड्याची गाडी धरली तर ६६ दिवसांत. दोन्ही एकदम होत नाही. म्हणून कॅमेरे यजमान संस्थेकडून उसने आणि अनुदान फिरतीसाठी, हा साधा नियम ठेवावा. बिबट्यासाठी कॅमेरा जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर, खोकडासाठी त्याहून खाली. दोन कॅमेरे समोरासमोर लावताना थोडे तिरके ठेवावेत, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचे चित्र पांढरे करून टाकतो. लेन्ससमोरचे गवत ऑगस्टमध्ये दर आठवड्याला कापावे लागते. वाऱ्यावर हलणाऱ्या कुसळीचे हजारो फोटो निघून कार्ड भरले, आणि त्या रात्री तरस येऊन गेले, असे व्हायला नको.

आता हवामानाच्या बाजूकडे येऊ. वन्यजीव अभ्यासक इथेच सर्वाधिक चुकतात आणि पुण्यात असून चुकतात, याचे वाईट वाटते. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पुण्यातले कार्यालय, म्हणजे आपले शिवाजीनगरचे सिमला ऑफिस, १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या चौकटींत आणि १९५१ पासूनचे तापमान एक अंशाच्या चौकटींत विनामूल्य देते. ही फार मोलाची ठेव आहे. पण पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. महाबळेश्वर ते वाई हवाई अंतर २५ किलोमीटरच्या आत आहे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वाईला हजारसुद्धा नाही. अख्खा घाट एका चौकटीत बसतो आणि त्या चौकटीला आकडा एकच. त्यावर शेकरूचा अधिवास काढला तर नकाशा देखणा येईल, पण भीमाशंकरच्या एखाद्या खोऱ्याबद्दल तो काहीही सांगणार नाही.

दुसरी चूक तारखेची. खात्याच्या नोंदीत १५ जूनचा पाऊस म्हणजे १४ जूनच्या सकाळी ८.३० पासून १५ जूनच्या सकाळी ८.३० पर्यंतचा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, लावलेल्या ध्वनिमुद्रकात १४ तारखेच्या रात्री बेडकांचा गलका नोंदला गेला, आणि अभ्यासकाने तारखेला तारीख जुळवली, तर त्या रात्रीचा पाऊस १५ तारखेखाली दिसतो आणि बेडूक पावसाआधी एक दिवस ओरडतात असा निष्कर्ष निघतो. तो भविष्यवाणीसारखा वाटतो आणि लोकांना आवडतोही, पण चूक असते.

तिसरी चूक रिकाम्या नोंदींची. पावसाच्या संचात नोंद नसली की उणे ९९९ लिहिलेले असते, तापमानाच्या संचात ९९.९. पहिले लगेच नजरेत भरते. दुसरे सरासरीत मिसळून जाते आणि एखाद्या सीमेवरच्या चौकटीचा मे महिना अचानक दोन-तीन अंशांनी तापतो. भविष्यातले हवामान वर्तवणाऱ्या संगणकीय प्रतिमानांत (मॉडेलांत) तर दिनदर्शिकाच निराळ्या असतात. ब्रिटिश हवामान खात्याच्या प्रतिमानांत वर्ष ३६० दिवसांचे, प्रत्येक महिना ३० दिवसांचा. काहींत लीप वर्षच नाही. सरळ दिवसांवर दिवस ठेवून जुळवले की शतकाच्या शेवटी मान्सून कितीतरी आधी सरकलेला दिसतो. अशा आकड्यांवर आधारलेला निबंध परीक्षकाच्या नजरेतून सुटला तर तो पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहतो.

प्रत्यक्ष जागेवर तापमान मोजायचे असेल तर छोटा लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारे यंत्र, पुरतो, पण त्यावर हवा खेळती ठेवणारे पांढरे छत्र हवेच. उघड्यावर खिळ्याला टांगलेला लॉगर दुपारी उन्हाचे तापमान मोजतो, हवेचे नव्हे. फरक सहज पाच अंशांहून अधिक पडतो. मुंग्या आत घर करतात म्हणून सिलिकॉनने फटी बुजवाव्यात आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावे.

प्राणी कुठे राहतो याचे प्रतिमान मांडण्याबद्दल दोनच मुद्दे. प्राणी दिसला नाही म्हणजे तो तिथे नाही, असे धरू नये. एका फेरीत खोकड दिसण्याची शक्यता ३० टक्के असेल तर तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ३४ टक्के उरते. ती ६ टक्क्यांच्या खाली आणायला आठ फेऱ्या लागतात. दोन वर्षांच्या धावपळीत फेऱ्या तीनवर येतात, आणि जिथे गाडी पोहोचत नाही तिथे प्राणी कमी झाल्याचे चित्र उभे राहते. दुसरा मुद्दा चाचणीचा. नोंदी यदृच्छया वाटून प्रतिमान तपासले तर शेजारशेजारचे बिंदू एक इकडे, एक तिकडे पडतात आणि यश भरघोस दिसते. पुरंदरच्या नोंदींवर बांधलेले प्रतिमान इंदापूरवर चालवून पाहावे. मग खरे कळते.

या सगळ्याचा उपयोग कुणाला, असे वाचक विचारतील. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट होते. अशा मोहिमांत जागा लागते, आणि माळरानाची शासकीय ओळख पडीक जमीन अशी असल्यामुळे ती जागा बऱ्याचदा माळावरच सापडते. मुरमाड उथळ मातीत सलग समतल चर खणले जातात, कडेने गिरिपुष्पाची ओळ लागते, आणि अहवालात हे हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे काम म्हणून नोंदवले जाते. धाविक हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्याला दूरवरचे दिसावे लागते. चिंकारा झाडोऱ्यापेक्षा मोकळ्या रानात सुरक्षित असतो. चरांमुळे पाणी मुरते का, मुरले तर ते पवन्या आणि मारवेल या गवतांना मिळते की नव्या झाडांना, आणि कोरड्या वर्षी मेंढ्यांसाठी चारा जास्त उरतो की कमी, याचे मोजून दिलेले उत्तर हवे.

ते मोजता येते, आणि एका पोस्टडॉकच्या आवाक्यात येते. एकसारख्या उताराचे आणि मातीचे सहा माळ चर खणलेले, सहा न खणलेले. प्रत्येकी दहा ठिकाणी एक मीटर चौरसातले गवत ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कापणीआधी, मुळाशी कापायचे, जातवार वेगळे करायचे आणि वजन स्थिर होईपर्यंत ओव्हनमध्ये वाळवायचे. मातीतला ओलावा १० आणि ३० सेंटिमीटरवर. जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांची मोजणी हिवाळ्यात आणि पुन्हा विणीच्या हंगामात. मेंढ्यांचे कळप किती दिवस बसले, ते धनगरांना विचारून लिहायचे. हे विसरले तर चराईचा परिणाम चरांच्या नावावर जमा होतो. आणि हे सगळे तीन पावसाळे. एखादा कोरडा, एखादा ओला पडला तरच चर कोणत्या वर्षी काम करतात ते उमगेल.

तसाच प्रश्न पाणवठ्यांचा. मार्च ते जून टँकरने कृत्रिम पाणवठे भरले जातात. सगळे भरावेत का, की काही मुद्दाम कोरडे ठेवावेत? सगळीकडे पाणी असले की चराऊ प्राणी एरवी उन्हाळ्यात मोकळे राहणारे गवतही संपवतात, आणि एकाच डबक्यावर गुरे आणि रानप्राणी आले तर रोग पसरण्याची भीती. परिक्षेत्र अधिकाऱ्याला याचे उत्तर फेब्रुवारीत हवे असते, तेही कक्ष क्रमांकानिशी.

राष्ट्रीय वन्यजीव कृती आराखडा २०१७ ते २०३१ या काळाचा आहे आणि व्यवस्थापनात हवामान बदलाचा विचार करा, असे तो सांगतो. वनविभागाची कार्य आयोजना १० वर्षांची असते. त्यात शिरायची संधी ती लिहिली जात असतानाच. आमच्या क्षेत्राचा दोष असा की निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापला की काम झाले असे आम्ही समजतो. त्याच कामाची दोन पानी मराठी टिपणी, नियतक्षेत्रानुसार नकाशा, आणि ‘हे करा, हे थांबवा’ एवढ्या दोन रकान्यांचा तक्ता दिला तर वनपालही तो भिंतीला लावतो. ही टिपणी पोस्टडॉकच्या करारातच असावी.

आता पुण्याबद्दल. पाषाणच्या डॉ. होमी भाभा रस्त्यावर आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था दोन्ही आहेत. जागतिक हवामान प्रतिमानांच्या सहाव्या तुलना प्रकल्पात भारतातून प्रथमच सहभागी झालेले पृथ्वी-प्रणाली प्रतिमान याच दुसऱ्या संस्थेत तयार झाले. सिमला ऑफिसात शतकाहून अधिक काळाच्या नोंदी. आघारकर संस्थेत सड्यांवरच्या वनस्पती जाणणारी माणसे. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण, कोरेगाव रस्त्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण, गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचे पदव्युत्तर शिक्षण. दीड-दोन तासांच्या अंतरावर माळ, सडे आणि सदाहरित जंगल. इतके सगळे एका शहरात असून पोस्टडॉक मात्र एकाच इमारतीत बसतो. प्राण्यांच्या बाजूचा असेल तर हवामानाच्या फायली एकट्याने उघडत बसतो, हवामानाच्या बाजूचा असेल तर त्याने लांडग्याची विष्ठा कधी हातात घेतलेली नसते.

आमची मागणी अशी. पुण्यातल्या अशा पोस्टडॉकला दोन मार्गदर्शक, एक हवामानाचा आणि एक वन्यजीवांचा. प्रश्न ठरवताना उपवनसंरक्षक दर्जाचे एक अधिकारी सोबत. मुदत ३ वर्षे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने देशभर ९ विभागीय हवामान अनुकूलन विज्ञान केंद्रे उभी केली, तिथे जमीन सांभाळणाऱ्यांसोबत बसून प्रश्न ठरवण्याची रीत आहे. ती घेण्यासारखी आहे. त्यांची कुरणे आणि आपली गायराने सारखी नाहीत, त्यामुळे आपल्याकडे त्या बैठकीत मेंढपाळांचा माणूसही हवा.

खर्च मोजून दाखवतो. दुसऱ्या श्रेणीचे ६१ हजार मानधन ३६ महिन्यांचे २१ लाख ९६ हजार. घरभाडे भत्ता ३० टक्के धरला तर ६ लाख ५९ हजार. फिरती, सहायक आणि उपकरणे यांसाठी वर्षाला ४ लाख म्हणजे १२ लाख. एकूण साडेचाळीस लाखांच्या आसपास. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या (सीएसआर) यादीत, वन्यजीव आणि वनस्पतींचे रक्षणही आहे आणि सरकारी संशोधन संस्थांना देणगीही. पुणे-पिंपरीतल्या कंपन्या या शीर्षकाखाली आज बहुतेक रोपे लावतात. चार कंपन्यांनी एकेक पोस्टडॉक उभा केला तर ती रोपे कुठे लावावीत आणि कुठे लावू नयेत, हे तरी कळेल. मानधन दरमहा मिळावे, एवढी अट घालावी. सहा-सहा महिने पगार थकला की शहरात घरभाडे भरणारा संशोधक खासगी नोकरी धरतो, आणि त्याने शिकलेले सगळे त्याच्याबरोबर जाते.

परदेशाबद्दल थोडक्यात. युरोपची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पाठ्यवृत्ती चांगली आहे. अर्ज सप्टेंबरात, यजमानाबरोबर मिळून लिहायचा, म्हणून पत्रव्यवहार एप्रिलपासून. यजमान देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेले चालत नाही. आधी वर्षभराची छोटी नोकरी त्याच देशात धरली तर दार बंद होते. पहिले पत्र एका पानाचे असावे: प्रश्न, त्यांच्या कोणत्या कामाशी तो जोडतो, आपल्याकडे कोणत्या नोंदी आहेत, आणि आपण स्वतः चालवलेल्या विश्लेषणाचा एक आलेख. ‘मला वन्यजीवांची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य काढून टाकावे.

पोस्टडॉकनंतरच्या नोकरीबाबत एकच अडचण इथे मांडतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला २ गुण, कमाल १० आहेत. म्हणजे अनुभवाला किंमत आहे. पण महाविद्यालयांत जागा प्राणिशास्त्राची किंवा वनस्पतिशास्त्राची निघते, उमेदवाराची पीएच.डी. पर्यावरणशास्त्रात किंवा वन्यजीवशास्त्रात असते, आणि अर्ज विषय जुळत नाही म्हणून पहिल्याच चाळणीत बाद होतो. संलग्न विषयांची यादी विद्यापीठाने जाहिरातीतच छापावी. एवढ्याने पुष्कळांचे नुकसान टळेल.

वर मागितलेले पहिले पद पुढच्या पावसाळ्याआधी भरायचे असेल तर जाहिरात सप्टेंबरात निघायला हवी, निवड नोव्हेंबरात व्हायला हवी, आणि यजमान संस्थेच्या नावाने परवानगीचा अर्ज, कक्ष क्रमांकांच्या नकाशासह, नोव्हेंबर संपण्यापूर्वी नागपूरला पोहोचायला हवा. म्हणजे १ एप्रिलला रुजू झालेल्या माणसाला मे महिन्यात लॉगर लावून पावसाळ्याच्या आत माळावर उभे राहता येईल.

कळावे,
आपले,
वन्यजीव आणि हवामान या विषयांत काम करणारे काही संशोधक,
पुणे